दोन पिंपं आणि एक हंडा

तौसिफ एवढंच म्हणाला होता, "अब्बा, हळदीच्या वेळी हॉलमधले दिवे थोडा वेळ बंद ठेवू या का?"

हलवायाच्या पोराने घरात साखर नको म्हणावं, तसं झालं हे. कारण तौसिफचे अब्बा म्हणजे 'राजेसाब लाइट डेकोरेशन'. जुळे सोलापुरात कुणाचं लग्न असो, बारसं असो की नव्या दुकानाचं उद्घाटन असो, राजेसाबच्या माळा खांबावर चढल्याशिवाय पाहुण्यांना आपण आलोय असं वाटायचं नाही. नवरीच्या गळ्यातले मणी समोरच्या गच्चीवरून मोजता आले पाहिजेत, हा त्यांचा धंद्यातला सिद्धांत. आणि आता तर त्यांच्या स्वतःच्या मुलीची, यास्मीनची हळद! हॉलमध्ये दोन हॅलोजन, खिडक्यांना माळा, दाराला माळा, छताच्या पंख्यालासुद्धा माळ. (पंखा सुरू केल्यावर तिचं काय होतं, ते सगळ्या घराने पाहिलं.) अशा घरात मुलगा अंधार मागत होता.

"बंद?" अब्बांनी स्टुलावरून खाली पाहिलं. "आणि लोक काय म्हणतील? राजेसाबनं लाइट बिल भरलं नाही?"

तौसिफ नुकताच स्कॉटलंडहून फोटोग्राफी शिकून परतला होता. तिकडे एका तळघरात, लाल दिव्याखाली, त्याला साक्षात्कार झाला होता. जगात उजेड फार झालाय, आणि उजेड वाढला तसं माणसांनी पाहणं सोडलंय. त्याच्या बरोबरीची पोरं तिकडेच नोकऱ्यांना चिकटली. तौसिफ मात्र एक जुना कॅमेरा, फिल्मचे रोल आणि रसायनांच्या पुड्या घेऊन विमानात बसला. सोलापूरला फिल्मवर फोटो काढायला शिकवायचं, हे त्याने ठरवून टाकलं होतं. (सोलापूरला कुणी विचारलं नव्हतं.)

त्यासाठी त्याला हवी होती घराच्या गच्चीवरची खोली. तिला खिडकी नव्हती, म्हणून ती त्याच्या मते देवाने फिल्म धुवायच्या डार्करूमसाठीच बांधली होती. अब्बांच्या मते ती देवाने जुन्या माळा ठेवायला बांधली होती. या वादात अब्बांचं शेवटचं वाक्य ठरलेलं असे: "सोमवारपासून दुकानात काउंटरवर बस. डोक्यातला अंधार जाईल."

हा वाद रंगात आलेला असतानाच सरदारबी फुपी केम गावाहून रेल्वेने आल्या. फुपी म्हणजे अब्बांची थोरली बहीण. दारात पिशवी ठेवायच्या आधीच त्यांनी विचारलं, "काय रं, लगीनघरात कशापाई भांडताय?"

"आपा, ह्याला दिवे बंद करून फोटो काढायचेत."

"कर की बंद," फुपी म्हणाल्या. "त्या दिव्यांनीच माझं वाटुळं केलंय."

हे मात्र खरं होतं. फुपींच्या उभ्या आयुष्यात डोळे उघडे असलेला त्यांचा एकही फोटो नव्हता. स्वतःच्या लग्नात डोळे मिटलेले, लेकाच्या लग्नात मिटलेले, बचत गटाच्या फोटोत तर बाकीच्या बायका हसताहेत आणि फुपी मधोमध गाढ झोपल्यासारख्या. कॅमेऱ्याचं शटर पडायच्या आधी त्यांच्या पापण्या पडायच्या. फ्लॅश तर सोडाच, हॅलोजन नुसता त्यांच्याकडे वळवला तरी पुरे. घरातली लहान पोरं त्यांना तोंडावर नाही, पण मागे 'झोपाळू फुपी' म्हणायची, आणि ते फुपींना ठाऊक होतं.

"तौसिफ," फुपी म्हणाल्या, "माझं डोळं उघडं असलेला एक फोटू काढून दाव. मग तुला मानीन."

अब्बा स्टुलावरून उतरले. धंदेवाईक माणसाला सौदा लांबून दिसतो.

"झालं! आपाचे डोळे उघडे निघाले तर गच्चीवरची खोली तुझी. नाही निघाले तर सोमवारपासून काउंटर. निकाल आपा देणार. केमची गाडी पकडायच्या आधी."

"मंजूर," तौसिफ म्हणाला. आवाज त्याला वाटला होता तेवढा खणखणीत निघाला नाही.

संध्याकाळपर्यंत फुपी स्वयंपाकघरात लसूण सोलत बसल्या होत्या. तौसिफने त्यांच्यासमोर मांडी घालून सगळं शास्त्र सांगायला घेतलं. कुणीतरी विचारावं याची तो वाटच पाहत होता. (कुणी विचारलं नव्हतंच, पण फुपी समोर होत्या.)

"फुपी, ही फिल्म चारशेची आहे. म्हणजे भरपूर उजेड लागणारी. पण मी कॅमेऱ्याला सांगणार, ही सोळाशेची आहे."

"खोटं बोलणार?"

"कॅमेऱ्याशी! मग तो कमी उजेडातसुद्धा फोटो काढतो. फिल्मवर चित्र अगदी पुसट उमटतं. ते पुसटपण फिल्म धुताना भरून काढायचं. डेव्हलपर नावाचं औषध असतं, त्यात तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवायचं. याला पुश करणं म्हणतात."

"म्हंजी जाळ कमी हाय म्हून मटण लई येळ ठिवायचं."

"...तसंच काहीसं." एवढ्यासाठी आपण दोन हिवाळे स्कॉटलंडमध्ये कुडकुडलो, हा विचार तौसिफने बाजूला सारला.

"अन् करपलं तर?"

तौसिफ म्हणाला, "फुपी, लसूण मस्त सोलता तुम्ही."

हळदीला हॉल बायकांनी गच्च भरला. यास्मीन पिवळ्या ओढणीत पाटावर बसलेली, हॅलोजनखाली घामाने चमकत होती. तौसिफने सगळा हिशोब करून ठेवला होता. हॅलोजन आणि माळा बंद करायच्या, स्वयंपाकघरातली ट्यूब चालू ठेवायची. तिचा उजेड दारातून येऊन फुपींच्या गालावर पडेल, आणि पश्चिमेच्या खिडकीतून उरलीसुरली संध्याकाळ. त्याने हॅलोजन क्षणभर बंद करून पाहिले, उजेड मोजायचं मीटर लावलं, कॅमेऱ्याचे आकडे जुळवले आणि पुन्हा चालू केले. सगळं त्याला पुस्तकात असतं तसं नेमकं वाटलं.

फुपी हळदीची वाटी घेऊन यास्मीनसमोर बसल्या. तौसिफ गुडघ्यावर बसला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि ओरडला, "अब्बा, आता! अंधार!"

अब्बा मातीला निघाल्यासारखं तोंड करून बाहेरच्या पॅसेजमध्ये गेले. खट्!

हॉलमध्ये एक लांबलचक "या अल्लाऽऽ" उमटलं. पंखा गरगरत हळूहळू थांबला. आतल्या खोलीत चाललेलं कुठलंसं गाणं अर्ध्यात तुटलं. फ्रिजने एक उसासा टाकला. हे सगळं हॉलमधल्या प्रत्येक बाईला कळलं, पाळण्यातल्या बाळाला कळलं. कळलं नाही ते एकट्या तौसिफला. कॅमेऱ्यात एकदम फारच काळोख वाटला खरा, पण त्याला वाटलं, आपले डोळे भरून आलेत. बहिणीची हळद आहे, साहजिकच आहे.

आणि त्या काळोखात फुपींचे डोळे उघडले.

नुसते उघडले नाहीत, चांगले टपोरे झाले. कुणी आपल्यावर उजेड फेकत नाहीये हे जणू त्या पापण्यांना पहिल्यांदाच कळलं होतं. फुपींनी यास्मीनच्या गालाला हळद लावली, तिच्याकडे पाहत राहिल्या, काहीतरी पुटपुटल्या. तौसिफने फोटो काढला, लिव्हर ओढला, पुन्हा काढला. रोल संपून लिव्हर अडेपर्यंत काढत राहिला. मग उठून त्याने दोन्ही हात वर केले.

"झालं का रं?" अंधारातून फुपींचा आवाज आला. "घामानं पार न्हाले मी."

निकाह अब्बांच्या उजेडात यथासांग झाला. (त्या दिवशी गल्लीतल्या कावळ्यांनी रात्र धरलीच नाही.) यास्मीन सासरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तौसिफ फिल्म धुवायला बसला. फुपींची गाडी दुपारची होती.

आधी फिल्म डबीतून काढून एका काळ्या, उजेड आत न जाणाऱ्या डब्यात भरायची असते, तीही पूर्ण अंधारात. डार्करूम तर अजून माळांनी भरलेली. म्हणून तौसिफ पलंगावर बसला आणि अम्मीने त्याच्यावर घरातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या चादरी घातल्या. सोलापुरात चादरींना तोटा नाही. मे महिना होता. आतून धडपडीचे आणि कण्हण्याचे आवाज येत होते, आणि अम्मी कडेला उभी राहून दर थोड्या वेळाने विचारत होती, "जिवंत आहेस ना बेटा?" शेवटी फिल्म डब्यात गेली, झाकण बसलं, आणि तौसिफ उकडलेल्या बटाट्यासारखा बाहेर आला.

आता उजेडाची भीती नव्हती. पण पाणी थंड हवं होतं. सोलापुरातल्या नळाच्या पाण्यात त्या दिवसांत चहा होतो. तौसिफने माठातलं पाणी घेतलं, लग्नाच्या सरबतासाठी आणलेल्या बर्फातला उरलेला खडा त्यात सोडला, थर्मामीटर बुडवला, डेव्हलपर कालवला आणि डब्यात ओतला. बाथरूमच्या दाराशी स्टूल टाकून तो बसला. मोबाइलवर वेळ लावली, आणि तेवढ्यात खालच्या मजल्यावरून चंद्रिकाकाकूंनी आरोळी ठोकली.

"पाणी आऽऽलंऽऽ!"

बाहेरगावच्या वाचकांना ही आरोळी समजणार नाही. पाणी रोज येत नाही. येतं तेव्हा वेळ सांगून येत नाही. आणि येतं तेव्हा माणूस नमाजाला असो, जेवायला असो की डॉक्टरच्या टेबलावर असो, अंगातून एक वीज जाते. तौसिफ समजत होता, चोवीस तास नळ वाहणाऱ्या देशात राहून आपली ती खोड गेली असेल. पण आरोळी कानात शिरली, आणि पुढच्या क्षणी तो मोबाइल स्टुलावर टाकून, पायजमा खोचून, पाइप घेऊन जिन्यात होता.

लग्नघर! पाहुण्यांनी पिंपं तळापर्यंत खरवडलेली. तौसिफने पहिलं पिंप भरलं. दुसऱ्याला पाइप लावला. "हंडा आण! कळशी आण!" म्हणत तो वरखाली धावत होता. चंद्रिकाकाकू कठड्यावरून म्हणाल्या, "परदेशात राहून पण तौसिफ पाणी भरायला विसरला नाही हं!" त्याने मान लववून दाद घेतली. त्याची छाती अभिमानाने भरली होती. मोबाइल वर बाथरूमपाशी वाजून वाजून थकला होता.

हंडा काठोकाठ भरला, आणि वरून अम्मीचा आवाज आला.

"तौसिफ, ह्या काळ्या डब्याचं काम झालं का रे? ह्यातलं घाण पाणी ओतून भरून ठेवू का?"

तौसिफच्या हातून पाइप सुटला. त्याने जिन्याच्या निम्म्या पायऱ्या वगळल्या.

"नाऽऽही! अम्मी, झाकण उघडू नकोऽऽ!"

अम्मीचा हात झाकणावरच होता. तौसिफने डबा हिसकावून छातीशी धरला. मग मोबाइल पाहिला. मोबाइलही आता गप्प झाला होता.

"किती वेळ झाला, अम्मी?"

"कशाला?"

"मी खाली जाऊन!"

अम्मीने विचार केला. "दोन पिंपं आणि एक हंडा."

पुस्तकात हे माप नव्हतं. पण तौसिफला एवढं कळलं, की ठेवायचं होतं त्याच्या कितीतरी पट जास्त वेळ फिल्म औषधात राहिली. एवढ्या वेळात ती कोळशासारखी काळी होते. आणि अधूनमधून डबा हलवायचा असतो, तोही कुणी हलवला नव्हता.

"हलवला की," अम्मी म्हणाली. "दर बादलीला मी तो इकडून तिकडं सरकवत होते. मध्येच येत होता."

दारात फुपी पिशवी घेऊन उभ्या होत्या. मागे अब्बा. दुकानाच्या काउंटरची चावी अब्बांनी बोटात अडकवून फिरवायला घेतली होती.

"करपलं?" फुपींनी विचारलं.

तौसिफने डेव्हलपर ओतून दिला, पुढचं औषध भरलं आणि तेही पुरतं होऊ दिलं. मग फिल्म भरपूर पाण्याने धुतली. (पाणी काय, आता होतंच.) त्याला आपण काउंटरवर बसलेले दिसत होतो. समोर गिऱ्हाईक, मागे लुकलुकणारी पाटी. त्याने झाकण काढलं, फिल्मचं टोक धरलं, आणि कोळसा पाहायच्या तयारीने वर ओढलं.

फिल्म काळी नव्हती.

ती करडी होती. स्वच्छ, नितळ करडी. एकेक फ्रेम वेगळी, प्रत्येकीत माणसं. तौसिफ ती दाराच्या उजेडात धरून नुसता पाहत राहिला.

"असं होऊच शकत नाही," तो म्हणाला. "ट्यूबच्या उजेडात काढलेली फिल्म एवढा वेळ ठेवल्यावर..."

"कसली ट्यूब?" अब्बांनी विचारलं.

"स्वयंपाकघरातली. ती चालू होती ना!"

"कुठली चालू? मी मेन स्विचच पाडला."

"मेन?"

"तूच ओरडलास, अंधार म्हणून! अर्धवट काम राजेसाब करत नाही."

तौसिफने अम्मीकडे पाहिलं. अम्मी म्हणाली, "पंखा पण थांबला होता ना. मला वाटलं, तुझ्या फोटोला वारा चालत नसेल."

मग तौसिफला सगळं समजलं, आणि तो ओल्या बाथरूममध्ये नाचायला लागला. अब्बांनी अंधार जास्त केला, म्हणून फिल्मवर चित्र नुसतं पुसट नाही, जवळजवळ नव्हतंच. नेमका वेळ ठेवली असती तर फिल्म कोरी निघाली असती. पण पाणी आलं, आणि तिला हवा होता तेवढा सगळा वेळ मिळाला. "पुश केली, फुपी! कुणी स्वप्नात करणार नाही एवढी पुश केली!" तो ओरडत होता. (यात आपला वाटा फक्त दोन चुकांचा आहे, हे त्याला त्या क्षणी आठवायचं कारण नव्हतं.)

"नाच नंतर," फुपी म्हणाल्या. "आधी डोळं दाव."

निगेटिव्ह पाहायला मागून भरपूर उजेड लागतो. तौसिफने खाली मान घालून अब्बांकडे हॅलोजन मागितला. अब्बांनी तो लगेच आणला, पण लावताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव होता तो एखाद्या सुलतानाचा वजिराला माफ करताना असतो. पांढऱ्या कापडामागे दिवा, पुढे फिल्म, तिचा मोबाइलवर फोटो, मग मोबाइलवरच काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. फुपींनी मोबाइल हातात घेतला.

"हे पीठ कुणी सांडलं फोटूवर?"

खरंच, सगळ्या चित्रावर ज्वारीचं पीठ चाळल्यासारखे दाणे पसरले होते. "ते ग्रेन आहे, फुपी. जास्त पुश केलं की येतं."

त्या पिठामागे यास्मीनचा गाल होता, हळदीची बोटं होती, आणि त्या बोटांच्या वर दोन डोळे. टक्क उघडे, खिडकीतली संध्याकाळ दोन्हींत एकेक थेंब चमकणारी. फुपींनी मोबाइल जवळ नेला, लांब नेला.

"हे माझं डोळं न्हाईत," त्या हळूच म्हणाल्या. "हे तर आईचं हायत. राजेसाब, बघ की रं."

अब्बांनी वाकून पाहिलं. त्यांची आई गेली तेव्हा घरात कॅमेरा ठाऊक नव्हता. तिचा एकही फोटो कुणाकडे नव्हता. अब्बांनी खूप वेळ पाहिलं. मग उगाचच हॅलोजनची वायर नीट करायला खाली बसले.

"व्हय," खालूनच ते म्हणाले. बहिणीशी बोलताना त्यांची भाषा नकळत केमची व्हायची. "आईचंच."

अम्मीने ओढणीने नाक पुसलं. फुपींनी निकाल दिला, "पोरानं काढलं बाबा डोळं!" आणि तौसिफच्या तोंडावरून बोटं फिरवून आपल्या कानशिलांवर मोडली. अब्बांनी काउंटरची चावी खिशात घातली आणि गच्चीवरच्या खोलीची काढून त्याच्या हातात ठेवली. त्या दुपारी फुपींना गाडीवर पोचवताना तौसिफ रिक्षात ताठ बसला होता. सोलापूर शहर त्याने जिंकलं होतं. सगळं नाही, पण गच्चीपुरतं तरी.

खोलीतल्या माळा उतरवून, भिंती काळ्या रंगवून तो पहिल्यांदाच चौकात गेला, तेव्हा समोर फ्लेक्स होता. भला मोठा. त्यावर फुपी, डोळे उघडे, पीठ आणि सगळं. यास्मीनचा भाग कापून टाकलेला, तिचा नुसता गाल उरलेला. खाली झळझळीत अक्षरं: 'राजेसाब लाइट डेकोरेशन. आमच्या लाइटिंगचा एक नमुना.'

"अब्बा! त्या फोटोत तुमचा एकही दिवा चालू नव्हता!"

"बंद कुणी केले?" अब्बा शांतपणे म्हणाले. "आणि मी आपाला विचारलंय. म्हणाली, लाव की, केमपर्यंत दिसू दे."

लोक फ्लेक्सखाली थांबायचे. "काय लाइटिंग केलंय!" म्हणायचे. त्याच आठवड्यात दोन पार्ट्या दुकानात आल्या. त्यांना हळदीला तोच, फोटोतला अंधार हवा होता. अब्बांनी दरपत्रकात 'स्पेशल अंधार' अशी ओळ घातली. पण दुकानातला एकही माणूस भर कार्यक्रमात दिवे घालवायला तयार होईना; आयुष्यभर लावण्यातच हात बसलेला. शेवटी त्या कामाचा अनुभवी माणूस घरातच असल्याचं अब्बांच्या लक्षात आलं.

तेव्हापासून जुळे सोलापुरात हळद असली की तौसिफ इस्त्रीचा शर्ट घालून मेन स्विचपाशी उभा असतो. इशारा झाला की तो डोळे भरून एकदा हॉलकडे पाहतो आणि स्विच पाडतो. पंखा थांबतो, गाणं तुटतं, आणि सगळीकडे तो मऊ, निवांत, चारशेला सोळाशे म्हणायला लावणारा अंधार पसरतो.

मग पार्टीने ठरवलेला फोटोग्राफर पुढे येतो आणि खाड्कन फ्लॅश मारतो.